विहिरीचं पाणी मोजणारी लेकरं

लातूर जिल्ह्यातलं हे एक गाव. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तेव्हा ही लेकरं बालवाडीत होती, आता दर रविवारी सकाळी विहिरींवर जाऊन पाणी किती खोल गेलंय ते मोजतात. साधन काय, तर दोरी, तिला बांधलेला दगड आणि मीटर टेप. मोजायचं मात्र मोटार चालू व्हायच्या आत, कारण उपसा सुरू झाला की पातळी तात्पुरती खाली जाते अन् आकडा फसवतो. हे धड्यात नव्हतं, एकाच विहिरीचे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळेनात म्हणून आपसात भांडता भांडता कळलं. मला विचाराल तर त्यांचं विज्ञान तिथंच सुरू झालं.

आपल्या पायाखाली काळा पाषाण, बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटीत, म्हणून शेजारी-शेजारी दोन बोअर घेतले तर एकाला पाणी लागतं अन् दुसऱ्यातून नुसता फुफाटा. अशा झिजलेल्या खडकातून हाती लागणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात, म्हणजे जमिनीत 20 मिलिमीटर मुरलं तर विहीर एक मीटर चढते, आणि तेवढंच उपसलं की एक मीटर उतरते. इतकीच आपली शिल्लक!

हे फळ्यावर मांडल्यावर पोरं गप्प बसणार थोडीच, वही घेऊन थेट ग्रामसभेत गेली. एक मुलगी उभी राहिली, "सरपंच काका, वरच्या अंगाला नवीन बोअर झाले तेव्हापासून पिण्याच्या विहिरीचं पाणी लवकर उतरतंय, हा बघा आलेख." मागून कुणीतरी म्हणालं, पाऊसच कमी झाला असंल की. शंका रास्त होती, पोरांनी पावसाच्या नोंदी पुढं ठेवल्या, आणि एकाच वर्षाच्या आकड्यांवरून सगळा दोष बोअरवर टाकता येणार नाही हेही स्वतःच सांगितलं. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल बोअरवर बंधन आहे हेही त्यांनीच वाचून दाखवलं.

मागणी एकच केली, शाळेच्या छताचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. 100 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर, हिशोब सगळ्यांना पटला, खड्डा खोदायला बापे माणसंही आली.

आता पोरं हापशाच्या मागं लागलीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नको, आणि ते शेतातल्या खतातून येतं तसं उकिरड्यातूनही झिरपतं, म्हणून सध्या टेप घेऊन प्रत्येक हापसा उकिरड्यापासून किती लांब ते मोजणं चालू आहे, बाटल्यांवर तारीख टाकून नमुने तपासणीला पाठवायचेत.