उडीला अजून गिऱ्हाईक आहे

(नागपुरात गेम बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, डावीकडून उजवीकडे पळायचं आणि खड्डा आला की उडी मारायची. नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली गेमची पिवळी कॅसेट खोचून नव्वदच्या दशकात घरोघरी हेच चालायचं. तुमच्यातले काही जण आज अशाच गेमवर काम करताहेत आणि घरचे विचारतात, ‘हे जुनं आता कोण विकत घेणार?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी आकडे सांगतो.

२००७ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीनं वी या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ आणला. थ्रीडी गेम, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, खप सव्वा कोटीच्या थोडा पुढे गेला. दोन वर्षांनी त्याच कन्सोलवर जुन्या धाटणीचा टूडी, म्हणजे सपाट चित्रांचा, डावीकडून उजवीकडे पळायचा मारिओ आला आणि तीन कोटींवर गेला. कंपनी तीच, नायक तोच, खप दुपटीहून जास्त. बरं, ही लाट तेव्हाच ओसरली असंही नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या याच धाटणीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’च्या पहिल्या दोन आठवड्यांतच ४३ लाख प्रती गेल्या.

तुम्ही म्हणाल, तो मारिओ आहे, आम्हाला कोण ओळखतं? मग ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीकडे बघा. मोजक्या माणसांनी केलेला ‘हॉलो नाइट’ हा टूडी गेम २०१७ साली आला आणि पुढे त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या. त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ला विक्रीला आला, तेव्हा झुंबड अशी उडाली की ऑनलाइन दुकानंच काही काळ कोलमडली.

पण याच धंद्यात चांगला गेमही मार खातो. जानेवारी २०२४मधला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ देखणा होता, परीक्षणं उत्तम होती, तरी तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या अपेक्षेइतका तो खपला नाही आणि वर्ष संपायच्या आत ती टीम दुसऱ्या कामांवर पांगली. त्याची किंमत होती ५० डॉलर, ‘सिल्कसाँग’ची २०. माझ्या मते यात किमतीचा वाटा मोठा आहे. टूडी गेमसाठी गिऱ्हाईक मनात एक आकडा धरून येतो. त्याच्या वर गेलात की तो सेलची वाट बघत बसतो. लहान टीमचा खर्च कमी, म्हणून तिला हा आकडा परवडतो. तुमचं बळ इथे आहे.

आता उडीकडे येतो, कारण सगळं तिच्यावर आहे. ‘सेलेस्ट’ या टूडी गेममध्ये नायिकेचा पाय कड्यावरून सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडीचं बटण चालतं. खेळणाऱ्याला हे कळत नाही. त्याला वाटतं, आपण वेळेवर दाबलं. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं तर तेही लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी दिली जाते. ही उदारता नसेल तर खेळणारा चिडतो, दोष गेमला देतो आणि ते बरोबरच आहे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात. म्हणजे बालपणीची आठवण त्याला दुकानापर्यंत आणेल, पण पैसे तुमच्याकडे राहणार की नाही हे उडी ठरवते. रामटेकचा गड लेव्हलसाठी घ्या, जरूर घ्या. चढत्या पायऱ्या, तट, दरवाजे, सगळं या खेळाला साजेसं आहे. फक्त गड रंगवायच्या आधी चित्रं न घातलेल्या साध्या राखाडी चौकोनांवर उडी महिनाभर घासा. ती तिथेच मजा देत नसेल तर रंग चढवून देणार नाही.

मोबाइलवर काढू का, असं मघाशी एकीनं विचारलं. नको, निदान पहिला गेम तरी नको. ‘सुपर मारिओ रन’ हा मोबाइलवरचा मारिओ कोट्यवधी लोकांनी फुकट उतरवून घेतला, पण पूर्ण गेमसाठी एकदाच पैसे मोजा म्हटल्यावर पुरेसे लोक पुढे आले नाहीत. नफा हवा तेवढा झाला नाही, हे निन्टेन्डोनं स्वतः सांगितलं. मारिओची ही गत, तर नवख्याचं काय? शिवाय काचेवर अंगठ्यानं नेमकी उडी जमत नाही.

स्टीमवर गेम चढवायला १०० डॉलर लागतात आणि विक्रीतला साधारण तीस टक्के वाटा दुकानाचा. हे हिशेबात धरून किंमत लावा, रुपयातली वेगळी ठरवा आणि नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात फुकट डेमो, म्हणजे गेमचा नमुना, ठेवा. डेमोत लोक नेमक्या कोणत्या खड्ड्यापाशी सोडून जातात, ते नोंदवा. त्या खड्ड्यापासून दुरुस्तीला सुरुवात करा.