राजीनाम्याच्या आधीची वर्षे

मित्रहो, आवडीच्या कामासाठी चालता व्यवसाय सोडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे डॉ. श्रीराम लागूंचे नाव हटकून घेतले जाते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले लागू १९६९ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. गोष्ट एवढीच सांगितली, तर ऐकणाऱ्या तरुणाला वाटते की धाडस केले म्हणजे झाले. मला ही मांडणी अपुरी तर वाटतेच, शिवाय घातकही वाटते.

त्याआधीची वर्षे पाहा. पुण्यात वैद्यकी करत असताना भालबा केळकरांसारख्या ज्येष्ठ मित्रांबरोबर ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुणेकरांच्या पीडीएत, नाटके करत होते. पुढील प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड झाले, कामानिमित्त टांझानियातील टाबोरा झाले, तरी भारतात असताना पीडीए आणि मुंबईची रंगायन यांच्याशी असलेला संबंध त्यांनी तुटू दिला नाही. हौशी नाटकाची तालीम दिवसाचे काम आटोपल्यावर सुरू होते, तिचे पैसे मिळत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कामावर वेळेत हजर राहावेच लागते. अशी कित्येक वर्षे गेल्यावर ते व्यावसायिक रंगभूमीवर आले, तेव्हा नट तयार होता. बदलायची होती ती पोटापाण्याची व्यवस्था.

हा बदल लहान नव्हता, हेही सांगितले पाहिजे. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. प्रयोग झाला नाही, तर त्या दिवसाची मिळकत नाही. जम बसलेली प्रॅक्टिस सोडून ही अनिश्चितता पत्करणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो. वसंतराव देशपांड्यांनीही लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करत गाणे सांभाळले, आणि ‘कट्यार काळजात घुसली’मधले त्यांचे खाँसाहेब १९६७ साली रंगमंचावर आले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

म्हणून “नोकरी सोडू का?” असे कोणी विचारले, की मी उलट विचारतो, “गेल्या महिन्यात त्या कामाला किती संध्याकाळी दिल्यास?” पुष्कळदा उत्तर येत नाही, आणि थोडे खोलात गेल्यावर कळते की कंटाळा वरिष्ठांचा किंवा रोजच्या लोकल प्रवासाचा आहे. अशा वेळी दुसरी नोकरी शोधणे हा पूर्णपणे सन्मानाचा मार्ग आहे. ज्याच्याकडे मात्र केलेले काम दाखवायला असते, ज्याची लाकडी खेळणी किंवा भाषांतराची पाने ओळखीबाहेरच्या माणसाने पैसे देऊन घेतलेली असतात, त्याला मी थांबवत नाही. त्याने घरच्यांसमोर वही उघडून बसावे: गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधे, आणि नोकरीबरोबर संपणारा कंपनीचा गटविमा. वर्षभराचा खर्च बाजूला पडेपर्यंत संध्याकाळचे काम चालू ठेवावे, स्वतःचा आरोग्यविमा आधी उतरवावा, आणि मग राजीनाम्याची तारीख घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावी.