शाळिग्रामातला समुद्र

आपल्यापैकी किती जणांच्या देवघरात शाळिग्राम आहे? बरेच हात दिसतायत. घरी गेलात की त्यावरचं चक्र नीट बघा. नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रात सापडणाऱ्या या काळ्या दगडातलं चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइटचा ठसा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा हा जीव, आपल्या कोकणातल्या माकुळाचा लांबचा नातेवाईक. नैवेद्य नेमका कोणाला पोचतो, त्या वादात मी पडत नाही. माझा प्रश्न एवढाच, की हा हिमालयात कसा पोचला?

तो चढला नाही, समुद्राचा तळच वर आला. भारताचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे निघाला तेव्हा वाटेत टेथिस समुद्र होता. एके काळी आपण वर्षाला १५ सेंटीमीटरपर्यंत सरकत होतो; साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियावर आदळलो. आदळून थांबलो मात्र नाही. आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर, म्हणजे नखं वाढतात त्याहून जरा जास्त, सरकणं चालूच आहे. दोन्हीकडे खंड, दोन्ही हलके, खाली बुडायला कोणीच राजी नाही. सतरंजी भिंतीकडे ढकलली की वळ्या पडतात, तसे थर दुमडले, तुटले, एकमेकांवर चढले. तिबेटखाली भूकवच ७० किलोमीटर जाड झालंय, नेहमीच्या जवळपास दुप्पट. एव्हरेस्टचा माथा ८,८४८.८६ मीटरवर, आणि तिथला दगड समुद्रात साचलेला चुनखडक.

मग एवढ्या रेटारेटीत ज्वालामुखी का नाही? उत्तरासाठी अंदमानात जाऊ. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीड शतकाहून अधिक काळ गप्प बसून १९९१ साली तो पुन्हा पेटला. तिथेही भारतीय भूपट्टच आहे, पण त्याची कड समुद्रतळाची. थंड, जड, म्हणून ती खाली बुडते. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी आली ती याच बुडत्या कडेवरून. बुडताना ती खनिजांत अडकलेलं पाणी सोबत नेते. शंभरेक किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या तप्त दगडाच्या थरात, शिरतं.

घासाघाशीने दगड वितळतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. पॉटमधलं आइस्क्रीम आठवा. बर्फात खडेमीठ टाकलं की तो शून्याच्या खालीही वितळतो. तसंच पाणी शिरलं की तप्त दगडाचा द्रवणांक उतरतो, शिलारस होतो आणि वर येतो.

आपला सह्याद्री या हिशेबात बसत नाही. त्याचा काळा कातळ लाव्ह्याचाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो टकरीतून आलेला नाही. त्याच्यासाठी वेगळं व्याख्यान लागेल.

हिमालयाबद्दल एक दुरुस्ती करतो. टेथिसचा तळ आशियाखाली बुडत होता तोवर त्या किनाऱ्यावर ज्वालामुखींची रांग होती, आजच्या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतासारखी. समुद्र मिटला, पाणी पोचेनासं झालं, भट्ट्या विझल्या. त्यांच्या पोटात थिजलेला शिलारस म्हणजे लडाखचा ग्रॅनाइट. लेह गावामागचे करडे डोंगर त्याचेच. बहुतेक प्रवासी त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढतात.