एका थेंबातली चाहूल

(दृश्य : पहाट. धानाच्या बांधावरून आशाताईची सायकल.)

गडचिरोली जिल्हा. आज सातव्या दिवसाची गृहभेट. ताईच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ.

"ताई, रातीपासून दूधच नाई पेत लेकरू."

ताई दुपटं बाजूला करते. पूर्ण एक मिनिट बाळाच्या छातीकडे बघत श्वास मोजते. ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर लक्षण बरं नाही.

हे मोजणं इथलं जुनं आहे. याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्याच बायांना नवजात बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं, इंजेक्शन द्यायलाही. बालमृत्यू कसे घटले, ते १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पण बाळ दूध सोडतं, तोवर रक्तात धावपळ कधीच सुरू झालेली असते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली रक्त.)

ही न्यूट्रोफिल, पांढरी पेशी. निवांत असते तेव्हा तिच्या अंगावर सीडी६४ हा रिसेप्टर, म्हणजे पकड घेणारा रेणू, जवळजवळ नसतोच. जंतू शिरले की इंटरफेरॉन-गॅमासारखे रासायनिक निरोप सुटतात आणि काही तासांतच पेशीवर सीडी६४ दाटीनं उगवतात. जंतूला चिकटलेल्या अँटीबॉडीची शेपटी हा रिसेप्टर घट्ट धरतो. मग पेशी जंतू गिळते.

म्हणजे सीडी६४ मोजला, की दाहाची, म्हणजे जंतूंशी सुरू झालेल्या लढ्याची, चाहूल लागते. रक्ताला चमकणारा रंग लावायचा आणि फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. रक्त लागतं जेमतेम ५० मायक्रोलिटर, एक थेंब. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पाव लिटरच्या आसपास. तिथे थेंबाचीही किंमत असते. शिवाय ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात.

नुसत्या सीडी६४ वर मात्र भिस्त ठेवू नये. काही विषाणूंच्या तापातही तो वाढतो. आणि खरी अडचण वेगळीच : हे यंत्र मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये, बाळ इथे, कुडाच्या घरात.

(दृश्य : पुन्हा घर. घड्याळाचा सेकंदकाटा.)

ताई खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजते. अडुसष्ट.

बाळाला आईच्या छातीशी देऊन ती अंगणात येते. १०८ लावते. रेंज नाही. फोन उंच धरून ती बांधाकडे धावत सुटते.