शिक्षा किरकोळ, पण सरकार पडले : डालिया ओरेश्कोविच यांची कारकीर्द

नमस्कार. आज आपण क्रोएशियातील वकील आणि खासदार डालिया ओरेश्कोविच यांच्याविषयी बोलणार आहोत. 1977 साली जन्मलेल्या ओरेश्कोविच झाग्रेबमध्ये कायदा शिकल्या आणि वकिली करू लागल्या. पस्तिशीपर्यंत देशाला त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. 2013 मध्ये साबोरने, म्हणजे तेथील संसदेने, त्यांना हितसंबंधांच्या संघर्षाला आळा घालणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षपदी निवडले आणि चित्र पालटले.

मंत्र्यांपासून महापौरांपर्यंत सर्वांची मालमत्तेची विवरणपत्रे तपासणे आणि पदाचा वापर स्वतःच्या किंवा घरच्यांच्या लाभासाठी झाला का, हे ठरवणे, हे या आयोगाचे काम. त्याला कोणाला तुरुंगात धाडता येत नाही. फार तर पगारातून काही रक्कम कापायची आणि निर्णय जाहीर करायचा, एवढेच त्याच्या हाती. जाहीर निर्णयाची ही ताकद ओरेश्कोविच यांनी पुरेपूर ओळखली होती, असे मला वाटते.

2016 चे प्रकरण पाहा. उपपंतप्रधान तोमिस्लाव कारामार्को हे एचडीझेड या सर्वांत मोठ्या उजव्या पक्षाचे अध्यक्ष होते. इना या क्रोएशियन तेल कंपनीवरून सरकारचा हंगेरीच्या मोल कंपनीशी आंतरराष्ट्रीय लवादापुढे वाद चालू असताना क्रोएशियाने त्यातून माघार घ्यावी, असे कारामार्को उघडपणे म्हणत होते. मे महिन्यात वृत्तपत्रातून बाहेर आले की, मोलचा सल्लागार असलेल्या व्यक्तीने त्यांच्या पत्नीच्या कंपनीशी सुमारे 60 हजार युरोंचा करार केला होता. 15 जूनला आयोगाने हितसंबंधांचा संघर्ष असल्याचा निर्णय दिला आणि कारामार्को यांनी त्याच दिवशी उपपंतप्रधानपद सोडले. दुसऱ्या दिवशी, त्यांच्याच पक्षाने आणलेल्या अविश्वास ठरावावर, अवघ्या पाच महिन्यांचे सरकार कोसळले. त्या सरकारच्या पंतप्रधानांचे आडनावही ओरेश्कोविचच होते, पण दोघांचे नाते नव्हते.

पुढे न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला, हेही सांगायलाच हवे. टीकाकार आजही त्यावर बोट ठेवतात. मात्र तोवर सप्टेंबरमधील निवडणूक होऊन गेली होती आणि कारामार्को यांच्या जागी पक्षाची सूत्रे आंद्रेई प्लेंकोविच यांच्याकडे गेली होती.

2018 मध्ये मुदत संपल्यावर ओरेश्कोविच पुन्हा इच्छुक होत्या, पण साबोरने दुसऱ्या उमेदवाराला पसंती दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी भ्रष्टाचारविरोधी पक्ष काढला. राजकारणाने त्यांना हात दिला, पण हात राखूनच: 2019 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना तीन टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, 2020 मध्ये छोट्या पक्षांच्या आघाडीतून त्या साबोरमध्ये पोहोचल्या आणि 2024 मध्ये समाजवादी लोकशाहीवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडीतून पुन्हा निवडून आल्या. आयोगाच्या अध्यक्षपदी जो दरारा होता, तो विरोधी बाकावरील एका खासदाराच्या वाट्याला येत नाही, कारण येथे त्यांचा शब्द निर्णय नसून आरोप ठरतो. त्यांच्या आरोपांचा रोख बहुतेकदा प्लेंकोविच यांच्यावर असतो, जे ऑक्टोबर 2016 मध्ये पंतप्रधान झाले आणि 2024 च्या निवडणुकीनंतरही त्या पदावर राहिले.