एका मिलिग्रामचा उजेड

[दृश्य : पूर्ण अंधार. हळूहळू हिरवट ठिपके उमटतात.]

खोलीतला दिवा आत्ताच मालवलाय. अकरा ठिपके, दोन काटे आणि सेकंदा-सेकंदाला पुढे सरकणारी एक बारीक टिकली. बाराच्या जागी मात्र ठिपका नाही, त्रिकोण आहे. घड्याळ उशाशी कसंही पडलेलं असो, वरची बाजू कुठली हे आधी कळायला हवं. तास काटा रुंद, मिनिट काटा लांब. अर्धवट झोपेत दोघांची अदलाबदल झाली तर तीनचे सव्वाबारा होतात.

आपल्याकडे याला सरसकट ‘रेडियमचं घड्याळ’ म्हणतात. गाडीच्या नंबरप्लेटवरचा चमकणारा कागदही रेडियम, आणि तो कापून देणारा रेडियमवाला. आज यातल्या कशातच रेडियम नसतं. शब्द मात्र खऱ्या रेडियमवरूनच आला.

[दृश्य : जुनी तबकडी, शेजारी किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर. कडकड आवाज.]

या तबकडीचे आकडे तपकिरी पडलेत. दिवा मालवला तरी काही दिसत नाही, काउंटर मात्र कडकडतोय. त्या काळच्या रंगात रेडियम आणि झिंक सल्फाइड एकत्र असायचं. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळले की प्रकाश पडतो. पण हाच मारा काही वर्षांत स्फटिक निकामी करतो. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं. म्हणून उजेड विझतो आणि किरणोत्सार तसाच राहतो. असं घड्याळ घरी उघडू नका, आकडे खरवडू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून तरुण मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढून हा रंग भरत होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणी जबडा आणि हाडं झिजून गेल्या, आणि १९२७ साली त्यांच्यातल्याच ग्रेस फ्रायर हिने कोर्टात दावा लावला.

रेडियमनंतर ट्रिटियम आलं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे बारा वर्षांत उजेड निम्म्याहून खाली येतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या नीडरवांगेनला आजही ट्रिटियम वायू भरलेल्या काचेच्या नळ्या तयार होतात. त्यांना आधी उजेड दाखवावा लागत नाही, हा मोठा गुण. पण काच आली की काट्यावर वजन आलं. वजनाकडे आपण येणारच आहोत.

[दृश्य : काचेच्या बशीत फिकट पिवळसर पावडर. निळा टॉर्च मारून बंद केला जातो.]

आता वापरात आहे ती ही पावडर : स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोझियम. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये ती पुढे आणली. स्विस घड्याळांत तीच सुपर-ल्युमिनोवा या नावाने येते. नुसत्या झिंक सल्फाइडच्या मानाने उजेड दहापट, आणि किरणोत्सार शून्य. युरोपियम प्रकाश देतं; डिस्प्रोझियममुळे ऊर्जा अडकून राहते आणि खोलीच्या साध्या उष्णतेने थोडी थोडी सुटत जाते. पहिल्या काही मिनिटांत उजेड झपाट्याने उतरतो, मग शेपटासारखा लांबत जातो. तेवढ्यात आपला डोळाही अंधाराला सरावतो, त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि ही हिरवी पावडर ५२० च्या आसपास उजळते. म्हणून पहाटेही ती वाचता येते. उजेड भरायला ऊन किंवा निळसर पांढरा दिवा उत्तम. पिवळ्या बल्बखाली तितकी भरत नाही.

[दृश्य : मायक्रोस्कोपखाली काटा, पालथा. सुईच्या टोकाला थेंब.]

इथे सावकाश बघा. काटा पालथा ठेवलाय. मधली खाच आरपार आहे. पावडर आणि लाखेसारखं बाइंडर वजनाने साधारण सारखं घेऊन काचेच्या कांडीने कालवलंय. कांडी स्टीलची चालत नाही : हे दाणे इतके कठीण की स्टील घासून निघतं आणि लगदा करडा पडतो. पावडर खलातही घोटायची नाही. दाणा फुटला की उजेड कमी होतो. मोठा दाणा जास्त उजळतो, पण छपाईच्या बारीक जाळीतून जात नाही. म्हणून आकड्यांना बारीक दाणा छापतात आणि काट्यांना जाडा दाणा हाताने भरतात.

थेंब खाचेच्या एका टोकाला टेकवला की ओढत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. साबणाच्या पाण्याचा पापुद्रा तारेच्या कडीवर धरतो, तसा हा लगदा दोन्ही कडांना धरून राहतो. पातळ झाला तर पापुद्रा फुटतो. घट्ट झाला तर सुईमागे धागा निघतो आणि कडेवर गाठ बसते. आणि दर काही काट्यांनंतर ढवळायचं, कारण दाणा जड आहे, तळाला बसतो. न ढवळता भरलेला दहावा काटा पहिल्यापेक्षा मंद दिसतो.

तबकडीवरच्या ठिपक्यांखाली आधी पांढरा थर. काळ्या तबकडीवर थेट भरलं तर मागे जाणारा प्रकाश काळा रंग गिळून टाकतो. थर साधारण ०.३ मिलिमीटर. पहिला थर नीट वाळायच्या आत दुसरा चढवला तर खालचा सुटून येतो. रात्रभर झाकून ठेवायचं, धूळ आणि दमट हवा दोन्ही टाळायचं. पाण्याशी या पावडरचं वैर आहे. पाणी शिरलेल्या घड्याळात काट्यांवर करडे-काळे डाग दिसतात ते त्यामुळेच.

[दृश्य : सेकंद काटा, टोकाकडे टिकली, मागे शेपूट.]

आणि आता खरा प्रश्न. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यायला हवी, आणि घड्याळ चालू आहे हेही अंधारात दिसायला हवं. म्हणजे सेकंद काट्यावर उजेड हवाच. आणि घड्याळात सर्वांत नाजूक जोर असतो तो नेमका सेकंद काट्यामागे.

हिशोब करू. टिकली दीड मिलिमीटर व्यासाची, जाडी ०.३. आकारमान सुमारे अर्धा घन मिलिमीटर, वजन साधारण एक मिलिग्राम. ती मध्यापासून १० मिलिमीटरवर बसवली. तोल सांभाळायला मागच्या शेपटावर, मध्यापासून ४ मिलिमीटरवर, अडीच मिलिग्राम वजन हवं. पितळी पत्रा ०.१५ मिलिमीटरचा असेल तर साधारण १.६ मिलिमीटरची चकती. तोल साधला. पण काटा दर सेकंदाला हलवून पुन्हा थांबवायचाय, आणि तिथे अंतराचा वर्ग मोजावा लागतो : टिकलीचे १ गुणिले १०० म्हणजे १००, शेपटाचे अडीच गुणिले १६ म्हणजे ४०. एकूण १४०.

आता तीच टिकली आत, ७ मिलिमीटरवर आणा. टिकलीचे ४९. शेपटावर पावणेदोन मिलिग्राम पुरतं, त्याचे २८. एकूण ७७. उजेड तेवढाच, मशीनवरचा भार जवळजवळ निम्मा. चांगल्या घड्याळात टिकली टोकावर नसते, आत सरकलेली असते, ते दिसायला बरं म्हणून नव्हे.

[दृश्य : क्वार्ट्झ मशीन, स्टेपर मोटरची कॉइल.]

क्वार्ट्झमध्ये, म्हणजे बॅटरीच्या घड्याळात, स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं करतं, आणि सेकंदाला एक स्पंद मोटरकडे जातो. दर स्पंदाची दिशा आधीच्या उलट. काटा जड असेल तर रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, अर्धा वळसा पूर्ण करत नाही, मागे परततो. पुढचा स्पंद येतो तो त्याच्यासाठी चुकीच्या दिशेचा, म्हणून तोही वाया. एक पाऊल चुकलं की दोन सेकंद गेले. स्फटिकाचा यात काही दोष नाही. काही सर्किटं चुकलेलं पाऊल ओळखून जोराचा स्पंद देतात; मग वेळ बरोबर राहते आणि बॅटरी लवकर संपते. मशीन बनवणारी कंपनी काट्याचा असमतोल आणि जडत्व किती चालेल हे तक्त्यात देते. काट्याचं चित्र काढण्याआधी तो तक्ता समोर हवा.

[दृश्य : टिकटिक ऐकून घड्याळाची चूक मोजणाऱ्या टायमिंग मशीनचा पडदा. सरळ रेघ, मग नागमोडी.]

चावीच्या घड्याळात खूण वेगळी. घड्याळ उभं धरलंय, बारा वर. पडद्यावरची रेघ नागमोडी झाली, आणि लाट दर साठ सेकंदांनी परत येते. काटा खाली उतरताना चाकाला मदत करतो, वर चढताना अडवतो. बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका त्याप्रमाणे वाढतो-घटतो. केसाएवढ्या स्प्रिंगशी खेळून ही लाट जात नाही. शेपटाचं वजन दुरुस्त करावं लागतं.

मिनिट काट्याचं दुखणं आणखी फसवं. पडदा म्हणतो दिवसाला दोन सेकंद पुढे, आणि मनगटावर घड्याळ दहा मिनिटं मागे. मिनिट काटा ज्या नळीवर बसतो ती कॅनन पिनियन आतल्या दांड्यावर घर्षणाने धरून असते. पकड सैल, काटा जड, की सहाकडून बाराकडे चढताना नळी घसरते. आत सगळं बरोबर चालू असतं, दिसणारी वेळ तेवढी चुकते. दुरुस्तीत काटे पुन्हा भरताना ‘जरा जास्त उजेड’ म्हणून दुप्पट थर दिलेला असेल, तर आधी इथेच पाहायचं.

[दृश्य : बाजूने क्लोज-अप. तबकडी, तीन काटे, काच.]

बाजूने बघा. दोन काट्यांमधली फट पाव मिलिमीटरच्या आसपास. पालथ्या बाजूने भरलेला थर खाली फुगतो आणि तबकडीवरचा ठिपका वर आलेला असतो. तास काटा जरा वाकडा बसला, की रोज एकाच वेळी, समजा साडेचारला, घड्याळ मंदावतं किंवा थांबतं. एखादं घड्याळ ठरावीक वेळेलाच थांबत असेल तर तेल बदलण्याआधी भिंगातून ही फट पाहावी.

[दृश्य : सहा स्थितींत फिरणारं चाचणीचं स्टँड.]

सीओएससी ही घड्याळांची अचूकता तपासणारी स्विस संस्था. तिचं प्रमाणपत्र पंधरा दिवस, घड्याळ धरण्याच्या पाच स्थिती आणि ८, २३, ३८ अंश तापमानात तपासून मिळतं. रोजची सरासरी चूक −४ ते +६ सेकंदांत हवी. पण ती तपासणी केसबाहेरच्या, म्हणजे कवचात न बसवलेल्या, मशीनची असते, तात्पुरती तबकडी लावून. उजेड भरलेले तिन्ही काटे त्या वेळी तिथे नसतात. २०१५ पासून मेटास या स्विस मापन संस्थेची चाचणी केसमध्ये बसवलेल्या पूर्ण घड्याळावर होते, मोठ्या मशीनला दिवसाला ० ते +५ सेकंद. आमच्या मते मोजावं ते असंच, जे मनगटावर जाणार आहे तेच पूर्ण घड्याळ. काटे बसवल्यावर सहा स्थिती, मग चोवीस तास उभं ठेवून काट्यांची वेळ संदर्भ घड्याळाशी ताडून, मगच मागचं झाकण.

[दृश्य : पुन्हा अंधार. कॅमेरा घड्याळाशेजारी, रात्रभर.]

साडेदहाला दिवा मालवला. अकराला उजेड बराच उतरलाय. दोनला कॅमेऱ्याचं एक्सपोजर वाढवावं लागलं. पावणेपाच : त्रिकोण दिसतोय, तास काटा चार आणि पाचच्या मध्ये, पाचकडे कललेला, मिनिट काटा नऊवर. टिकली पुढच्या ठिपक्याकडे सरकतेय.