दहा सेकंदांचा ठेका

(दृश्य : महामार्गालगतची विटांची उंच इमारत. दप्तरं पाठीला लावून आत शिरणारी मुलं.)

हिप-हॉप (म्हणजे ठेका, रॅप आणि नाच), ग्राफिटी, स्केटबोर्ड : रस्त्यावरच्या मुलांचे हे रिकामटेकडे उद्योग, असं म्हटलं जातं. ही इमारत नीट बघून घ्या, हिप-हॉपची गोष्ट इथून सुरू होते. न्यूयॉर्क शहर, ब्रॉन्क्स विभाग, १५२० सेजविक ॲव्हेन्यू. शंभरावर बिऱ्हाडं. शेजारून मेजर डीगन महामार्ग जातो, त्याचा घोंघाट रात्रीही थांबत नाही. खाली रहिवाशांचा एक हॉल आहे, आपल्या सोसायटीत बारशाला, वाढदिवसाला मिळतो तसाच.

११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायची होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. आमंत्रणाची कार्डं हातानं लिहिलेली होती. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी वाजवायला तिनं थोरल्या भावाला उभं केलं. पुढे भावाचं नाव जगभर झालं आणि सिंडीचं मागे पडलं. म्हणून इथं ते आधी घेतलं.

भाऊ क्लाइव्ह, वय १८. जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा, बारा वर्षांचा असताना ब्रॉन्क्समध्ये आलेला. अंगानं दांडगा म्हणून पोरं त्याला हर्क्युलिस म्हणायची. त्याचाच पुढे झाला डीजे कूल हर्क.

(दृश्य : दोन टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारी यंत्रं. तबकडीवर टेकणारी सुई, अगदी जवळून.)

हर्कला वाजवता वाजवता एक गोष्ट दिसली. गाणं सुरू असताना काही पोरं भिंतीला टेकून उभी असायची. गायक थांबला, बाकीची वाद्यं गप्प झाली आणि नुसता ड्रमचा ठेका उरला, की हीच पोरं मध्ये झेपावायची. या तुकड्याला म्हणतात ब्रेक. तमाशात ढोलकीवाला एकटा सुटतो आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या येतात, तो क्षण आठवा. तबकडीवर मात्र तो जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा.

हर्कनं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. डावीकडचा ब्रेक संपत आला की उजवीकडची सुई नेमकी त्याच जागी टेकवायची. उजवी वाजतेय तोवर डावी मागे न्यायची. मग पुन्हा डावी, पुन्हा उजवी. दहा सेकंदांचा ठेका मिनिटंच्या मिनिटं चालू राहिला. त्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल, बी म्हणजे ब्रेक. माइकवर हर्कचा साथीदार कोक ला रॉक गर्दीतल्या दोस्तांची नावं घेऊन हाळी घालायचा. रॅपची, म्हणजे ठेक्यावर तालात बोलण्याची, सुरुवात या हाळीत आहे.

हर्क नुसत्या नजरेनं सुई टेकवायचा, त्यामुळे कधी ताल तुटायचा. तो जोडला ग्रँडमास्टर फ्लॅश या मुलानं. फ्लॅश शाळेत इलेक्ट्रिकचं काम शिकलेला. हे बघा, तबकडीवर मेणाच्या खडूची रेघ. ब्रेक इथून सुरू होतो. रेघ किती वेळा फिरून आली तेवढं मोजायचं आणि तेवढेच वेढे उलटे फिरवायचे. तबकडी हाताखाली अलगद सरकावी म्हणून त्यानं फेल्ट कापडाचा गोल कापला आणि घरातल्या कपड्यांची खळ फवारून कडक केला. रेकॉर्डला बोट लावू नये, हे तेव्हा घरोघरी बजावलं जायचं. या मुलानं आख्खा पंजा ठेवला. याला तालीम लागते, रोज तासन्‌तास. हे काम रिकामटेकड्यांचं नव्हे, हे आम्ही ठासून सांगतो.

(दृश्य : उंचावरून क्रॉस ब्रॉन्क्स महामार्ग.)

हर्क आणि फ्लॅशच्या ब्रॉन्क्सला चिरत जाणारा हा रस्ता शहराचे रस्ते-पूल आखणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी आखला, काम सुरू झालं १९४८ मध्ये. ईस्ट ट्रेमाँट भागात जेमतेम एका मैलासाठी १,५३० कुटुंबं उठवली गेली. राहिलेल्या वस्तीला उतरती कळा लागली आणि सत्तरच्या दशकात इमारतींमागून इमारती जळाल्या.

(दृश्य : स्प्रेचा डबा हलवणारा हात. आतली गोळी खडखडते.)

ग्राफिटी, म्हणजे भिंतींवर, गाड्यांवर नावं लिहिणं-रंगवणं, हर्कच्या पार्टीच्या आधीची. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला १८३ व्या रस्त्यावर राहणारा एक ग्रीक मुलगा निरोप्याचं काम करायचा. शहरभर पायपीट आणि खिशात मार्कर. जाईल तिथं ‘टाकी १८३’ लिहायचा. २१ जुलै १९७१ ला न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्यावर बातमी छापली आणि मग शेकडो हात लिहू लागले. ही मुलं स्वतःला राइटर म्हणवतात, चित्रकार नाही.

डब्याची ही टोपी बघा. रंगाच्या डब्याची रेघ बारीक येते, म्हणून दुसऱ्याच कुठल्या स्प्रेची टोपी काढून यावर बसवायची. रेघ एकदम बोटभर रुंद. आधी वहीत आराखडा, मग रात्री यार्डात उभ्या भुयारी रेल्वेच्या डब्यावर बाह्यरेषा, आत रंग, शेवटी पुन्हा रेषा. सकाळी गाडी सुटली की नाव आख्ख्या शहरातून फिरायचं. अनेकांना अटक झाली, सफाईवर अफाट खर्च झाला आणि १२ मे १९८९ ला रेल्वेनं सगळे डबे स्वच्छ झाल्याचं जाहीर केलं.

(दृश्य : ब्रुकलिन पुलाखालचा लाल विटांचा उतार. स्केटबोर्ड घेतलेली मुलगी.)

स्केटबोर्ड, म्हणजे चाकांची फळी, इथला नव्हे, तो कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठचा. आधी चाकं असायची धातूची, नाहीतर मातीच्या मिश्रणाची. बारीकसा खडा आला तरी पोरगं तोंडावर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीनं युरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाकं आणली. हे चाक दाबून बघितलं तर किंचित दबतं, खडा गिळून पुढे जातं. १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोल भिंतींवर पोरं या चाकांनी चढली.

न्यूयॉर्कला कोरडे तलाव कुठून मिळणार? इथल्या पोरांना हा उतार मिळाला. बांधला होता पायी चालणाऱ्यांसाठी, ऐंशीच्या दशकात मुलांनी तो आपला केला. २०१० मध्ये पुलाच्या दुरुस्तीसाठी कुंपण पडलं आणि एक आख्खी पिढी बाहेर राहिली. २०२३ पासून पुलाखालची ही जागा थोडी थोडी खुली होत गेली.

मुलगी सकाळपासून इथं आहे. बोर्डाच्या शेपटीवर पाय आपटायचा, पुढचा पाय सरकवायचा, बोर्ड पायाला चिकटल्यासारखा वर यायला हवा. अजून येत नाही. ती पुन्हा उताराच्या वरच्या कडेला चालली आहे.

(निवेदन इथं थांबतं. विटांवरून धावणाऱ्या चाकांचा आवाज तसाच ठेवावा.)